दियुर मुगानमध्ये जाण्यापूर्वी



हल्ली मला जे फोन येतात, त्यांतले निम्मे औषधांविषयी नसतात, घराविषयी असतात. "सिस्टर, मुलं म्हणतात घर विका आणि दियुर मुगानमध्ये जा. तुम्ही काय म्हणता?" फोनवर याचे उत्तर देता येत नाही, कारण माणसागणिक उत्तर वेगळे. म्हणून या वेळी गोळ्या आणि ब्लडप्रेशर बाजूला ठेवून हाच विषय घेते. तसा हाही तब्येतीचाच विषय आहे. माणूस कुठे राहतो यावर तो किती वेळा पडतो, काय खातो आणि दिवसाकाठी किती शब्द बोलतो हे ठरते.

आधी नावांचा घोटाळा काढून टाकू. आपल्या लोकांत म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्याच जागांना सरसकट "बेत आवोत" म्हणतात आणि तो शब्द कानी पडताच समोरच्याचे तोंड उतरते. पण जागा वेगवेगळ्या आहेत. दियुर मुगान म्हणजे आपले स्वतंत्र घर, आपली किल्ली, आपले स्वयंपाकघर, आणि त्याच इमारतीत जेवणाची खोली, कार्यक्रम, संकटाचे बटण, देखभालीची माणसे. बेत आवोतमध्ये खोली असते, घर नसते, आणि दिवसाचे वेळापत्रक बहुधा संस्थेचे असते. तिसरे म्हणजे सरकारी हॉस्टेल. तिथे एक खोली, लहानसे स्वयंपाकघर आणि थोडे भाडे. ती मुख्यतः नव्या ओलीमसाठी आहेत आणि तिथली प्रतीक्षायादी लांब असते.

आता चार शब्द पाठ करा, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे. या देशात वृद्ध माणसाची वर्गवारी अशी करतात: अत्स्माई, म्हणजे स्वतःचे स्वतः करणारा. ताशूश, म्हणजे अशक्त, ज्याला आंघोळीला किंवा कपड्यांना थोडा हात लागतो. सिउदी, म्हणजे जो पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून आहे. आणि त्शूश नेफेश, म्हणजे ज्याचे शरीर चालते पण स्मरण आणि समज ढळली आहे. दियुर मुगानमध्ये प्रवेश अत्स्माई माणसालाच मिळतो. डॉक्टरांचे कागद मागतात, पुष्कळ ठिकाणी त्यांची सोशल वर्कर किंवा नर्स येऊन बोलून जाते. त्या गप्पा नसतात, तपासणी असते, हे लक्षात ठेवा.

यात मोठी अडचण दडलेली आहे. पाय चालतात तोवर कोणाला घर सोडावेसे वाटत नाही. पाय थांबले की दार बंद होते. "अजून वेळ आहे" असे म्हणत राहिलेल्यांपैकी कित्येकांना कमरेचे हाड मोडून मी काम करीत होते त्या वॉर्डात आणलेले मी पाहिले आहे. तिथून ते सरळ सिउदी विभागात गेले, मधली पायरी त्यांना मिळालीच नाही. तेव्हा जायचे की नाही हे काहीही ठरो, ते ठरवण्याची वेळ मात्र अत्स्माई असतानाच असते.

आता जमेची बाजू. माझ्या मते पहिला फायदा जिना नसण्याचा. आपली मंडळी १९५० आणि ६० च्या दशकांत या देशात आली तेव्हा त्यांना शिकूनमध्ये घरे मिळाली. तीन मजली, चार मजली, लिफ्ट नाही. विशीत तो जिना कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. आज ८० व्या वर्षी त्याच जिन्यामुळे माणसे आठवडा आठवडा खाली उतरत नाहीत. कुपात खोलीमची तपासणी पुढे ढकलतात, सिनेगॉग सुटते, भाजी शेजाऱ्याकडून येते. बाहेर पडणे थांबले की मांड्यांचे स्नायू झिजतात, स्नायू झिजले की तोल जातो, आणि मग माणूस घरातच पडतो. ६५ वर्षांवरील साधारण दर तिघांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. पडण्याइतकेच वाईट म्हणजे पडून राहणे. एकटे माणूस रात्री बाथरूममध्ये पडले आणि सकाळी सापडले, तर हाड शाबूत असले तरी अंग थंड पडलेले असते, पाठीवर जखमा झालेल्या असतात, दाबल्या गेलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडांना इजा पोचलेली असू शकते. मनगटावरच्या बटणाचा खरा उपयोग इथे आहे. (बटण मनगटावर हवे. पुष्कळ बायका ते आंघोळीपूर्वी काढून कपाटात ठेवतात. नेमके तिथेच पाय घसरतो! बटण पाण्यात चालते का, हे विचारून घ्या.)

दुसरा फायदा सायरनच्या वेळचा. आमच्या अश्दोदला सायरन झाल्यावर ४५ सेकंद मिळतात. जुन्या इमारतीचे मिक्लात खाली तळघरात. तिसऱ्या मजल्यावरचे गुडघेदुखीचे माणूस ४५ सेकंदांत तिथवर पोचत नाही, मग ते जिन्याच्या आतल्या भिंतीला टेकून उभे राहते. ऑक्टोबर २०२३ नंतर ज्यांनी हे महिनोन्‌महिने केले, त्यांना मी काय सांगावे? नव्या इमारतींमध्ये घरातच ममाद असते किंवा निदान त्याच मजल्यावर सुरक्षित जागा असते. जुन्या दियुर मुगानमध्येही ती असेलच असे धरून चालू नका. बेडपासून तिथवर स्वतः चालून पाहा आणि घड्याळ लावा.

तिसरी गोष्ट जेवणाची. एकटे राहणारे माणूस स्वतःपुरते रांधत नाही. दुपारचा भात रात्री, रात्री नसेल तर चहा आणि टोस्ट. चार-चार किलो वजन उतरते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. टेबलावर समोर कोणी बसलेले असले की दोन घास जास्त जातात, हे मी नोकरीत रोज पाहिले. पुरुषांच्या बाबतीत तर अधिकच. बायको गेल्यावर स्वयंपाकघराचा दिवाही न लावणारे पुरुष आपल्यात पुष्कळ आहेत.

पण त्याच जेवणाची दुसरी बाजू आहे. कशेर आहे का, याचे प्रमाणपत्र पाहा, सगळीकडे असतेच असे नाही. डायबिटीस आणि कमी मिठाचे जेवण वेगळे देतात का, तेही विचारा. आणि चव! उकडलेली कोंबडी, उकडलेले गाजर, वर थोडी मिरपूड. नारळाच्या दुधाची आमटी खाल्लेल्या जिभेला ते आठवडाभर बरे वाटते, महिनाभर नाही. म्हणून आपल्या घरात खरे स्वयंपाकघर आहे की फक्त पाणी उकळण्याची सोय, हे पाहा. एका ओळखीच्या बाईंनी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मोहरी-मिरचीची फोडणी दिली. धुराची घंटा वाजली आणि खालून दोन माणसे धावत आली. त्या हसत सांगतात, पण त्यानंतर त्यांनी फोडणी देणे सोडले, यात मला हसू येत नाही.

पैशांविषयी आता. साधारणपणे प्रवेशाच्या वेळी एक मोठी ठेव द्यावी लागते, तिला पिकादोन म्हणतात. जागेप्रमाणे ती काही लाख शेकेलपासून वीस लाख आणि त्याहूनही वर जाते. त्याशिवाय दरमहा देखभालीचे पैसे, तेही हजारांत. पिकादोन परत मिळते, पण पूर्ण नाही. दर वर्षी त्यातून ठरलेला टक्का कापला जातो. समजा १० लाख ठेवले आणि वर्षाला मूळ रकमेच्या ३ टक्के कापायचे ठरले, तर दहा वर्षांनी ७ लाख उरतात. कापणे किती वर्षे चालणार, ठेव मदादशी जोडलेली आहे का, महिन्याचे पैसे कसे वाढणार, आणि माणूस गेल्यावर वारसांना पैसे किती दिवसांत मिळणार, ही चारही उत्तरे करारात लिहिलेली हवीत. तोंडी उत्तर घेऊ नका, मग ते देणारी मुलगी कितीही गोड बोलो.

२०१२ साली दियुर मुगानचा कायदा झाला. आता अशा जागेला परवाना लागतो, करारापूर्वी माहितीचे कागद द्यावे लागतात आणि ठेवीला संरक्षण द्यावे लागते. तेव्हा परवाना दाखवा म्हणा. ठेवीला कोणते संरक्षण आहे, बँकेची हमी की आणखी काही, हे विचारा. आणि करार वकिलाला दाखवा. त्याची फी जड वाटेल, पण आयुष्यभराच्या घराच्या मानाने ती काहीच नाही.

मुले "घर विका" म्हणतात तेव्हा मी विचारते, भाड्याने देऊन भागेल का? ठेव फार मोठी नसेल आणि घराचे भाडे महिन्याच्या खर्चाला लागत असेल, तर घर राहते आणि परतीची वाटही राहते. विकल्यावर ती राहत नाही. अमिदारच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर किल्ली परत करण्यापूर्वी आपल्या हक्काचे काय होईल, हे लेखी विचारून घ्यावे.

आता मी ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घेते, तो. अत्स्माई म्हणून तुम्ही आत गेलात. पाच वर्षांनी ताशूश झालात, आठ वर्षांनी सिउदी. मग काय? दियुर मुगान हे रुग्णालय नाही. तिथे तुमच्या गोळ्या तुम्हीच घ्यायच्या असतात. नर्स बहुधा दिवसा असते. म्हणून पाहायला जाल तेव्हा विचारा: रात्री दोन वाजता बटण दाबले तर माझ्या दारात कोण येते? नर्स, मदतनीस, की फक्त चौकीदार, जो मगेन दावीद आदोमला फोन करील? तिन्ही उत्तरे चालू शकतात, पण आपण कशाचे पैसे देतो आहोत हे कळले पाहिजे.

काही ठिकाणी त्याच आवारात सिउदी विभाग असतो. तिथे जाताना पैशांचा हिशेब बदलतो. तो कसा बदलतो, आणि नवरा तिकडे गेला तर बायकोला आपले घर ठेवता येते का, हे आधीच विचारा. विभाग नसेल तर बहुतेक जण घरात मेतापेलेत ठेवतात. बितुआख लेउमीची सिउदची मदत दियुर मुगानमध्ये राहणाऱ्यालाही मागता येते, तिथे गेल्यामुळे तो हक्क जात नाही. पण रात्रंदिवस राहणारी मेतापेलेत लागली तर ती झोपणार कुठे? एका खोलीच्या घरात तुमचा बेड, तुमचे कपाट आणि शेवटी तुमचा वॉकर. दोन खोल्यांचे घर महाग असते, पण जोडप्याने तरी दुसरी खोली पाहावीच, असे माझे मत आहे. बाथरूमचा दरवाजा ८० सेंटिमीटर तरी रुंद हवा, नाहीतर व्हीलचेअर आत जात नाही. टेप घेऊन जा. लोक हसतील, हसू द्या.

नवरा-बायकोंपैकी एकाची आठवण कमी होऊ लागली असेल, तर लपवून प्रवेश घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. जागा बदलली की अशा माणसाचा गोंधळ वाढतो. चाळीस वर्षे ज्या घरात अंधारातही बाथरूमची वाट सापडत होती, ती सुटते. काही आठवड्यांनी काही जण सावरतात, काहींचे सावरत नाही. तिथल्या लोकांना आधीच खरे सांगितले तर निदान ते तयार असतात, आणि "हे आमच्याकडे राहू शकत नाहीत" हे वाक्य सामान लावल्यावर ऐकावे लागत नाही.

याच्या पाठोपाठ भाषेचा प्रश्न येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हिब्रू मोठेपणी शिकली, उल्पानमध्ये, कारखान्यात, मुलांच्या शाळेच्या चिठ्ठ्या वाचून. स्मरण ढळू लागले की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि आईची भाषा राहते. मी नोकरीत असताना दुसऱ्या वॉर्डांतून मला बोलावणे यायचे, "तुमची एक हिंदी आजी काहीतरी मागते आहे, कळत नाही." जाऊन पाहावे तर आजी "लघवीला न्या गं" म्हणत असायची. कागदावर लिहिलेले असे, रुग्ण अस्वस्थ आहे. अस्वस्थ नाही तर काय होणार!

दियुर मुगानमध्ये शेजारी रशियन बोलणारे असतील, फ्रेंच, रुमानियन, मोरोक्कन, सगळे चांगले लोक. सुरुवातीला हिब्रूत छान जमते. पण पत्ते खेळताना एक टेबल रशियनचे, दुसरे फ्रेंचचे, आणि आपली बाई दोन्हींच्या मध्ये. म्हणून तिथे आपले आणखी कोणी आहे का, हे अवश्य विचारा. दोन-तीन मैत्रिणी मिळून एकाच जागी गेल्या तर फारच उत्तम. ते जमवणे वाटते तितके अवघड नाही, पण त्यासाठी सगळ्यांनी एकाच वेळी मन तयार करावे लागते, आणि तेच जमत नाही. मेतापेलेत ठेवायचीच असेल तर भारतातून आलेल्याही असतात. मराठी येत नसली तरी बऱ्याच जणींना हिंदी येते, आणि डाळ कशी शिजवायची हे सांगावे लागत नाही.

शाब्बातला गाडीत न बसणाऱ्यांनी आपले सिनेगॉग चालत जाण्याइतके जवळ आहे का, हे पाहावे. दियुर मुगानमध्येही सिनेगॉग असू शकते, पण आपल्या चालीची प्रार्थना तिथे ऐकू येणार नाही. मालिदा करायचा असेल तर हॉल देतील का, बाहेरचे वीस-पंचवीस लोक येऊ देतील का? हा प्रश्न ऑफिसात विचारल्यावर आधी मालिदा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागेल. समजावा.

मग घरीच राहायचे ठरवले तर? तीही वाट चांगली असू शकते. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे किंवा लिफ्ट आहे, शेजारी आपले लोक आहेत आणि सिनेगॉग कोपऱ्यावर आहे, त्यांना मी घाईने हलायला सांगत नाही. पुष्कळ शहरांत केहिला तोमेखेत नावाची योजना आहे. दरमहा थोडे पैसे भरून घरात संकटाचे बटण मिळते, फोन केल्यावर डॉक्टर आणि अँब्युलन्सची सोय होते, कार्यक्रम असतात, आणि वस्तीसाठी नेमलेला एक माणूस फोन करून, घरी येऊन विचारपूस करतो, नळ बिघडला तर बघतो. आपल्या भागात आहे का, हे नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात विचारा. अंगावर येणारी कामे होत नसतील तर बितुआख लेउमीकडे सिउदचा अर्ज करा. तपासायला बाई येते तेव्हा आपली माणसे नवे कपडे घालून, चहा करून, "सगळं मी करते" म्हणतात आणि अर्ज नामंजूर होतो. त्या दिवशी नेहमीसारखे राहा. आंघोळ करताना काय होते, ते जसेच्या तसे सांगा.

घरातले गालिचे उचला. टबाच्या जागी सपाट शॉवर करून घ्या, भिंतीला धरायची दांडी लावा, बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा ठेवा. हे केल्याने काही वर्षे निघतात. जिना मात्र यांपैकी कशानेच कमी होत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, एकट्या राहणाऱ्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे: हला. दियुर मुगान परवडत नसेल तर तळमजल्याचे लहान घर पाहा, पण हला.

जायचे ठरले तर आधी काही दिवस राहून पाहण्याची सोय आहे का, ते विचारा. पाहुणे म्हणून सकाळी अकराला गेलात तर सगळे छानच दिसते, पियानोही वाजत असतो. संध्याकाळी सातला जा, शाब्बातच्या दुपारी जा, आणि राहणाऱ्यांच्या समितीतल्या कोणाला तरी ऑफिसच्या बाहेर भेटा. राहायला गेल्यावर बेड असा लावा की जुन्या घरी ज्या बाजूने उतरत होतात, त्याच बाजूने उतराल. रात्री अर्धवट झोपेत पाय जुन्या सवयीने जातात. पहिले काही दिवस गोळ्यांची पेटी मुलीकडून किंवा मेतापेलेतकडून तपासून घ्या, कारण सामान हलवताना गोळ्या हमखास चुकतात.

शुद्धीवर आणि सहीवर असताना वकिलाकडून कायमचे मुखत्यारपत्र करून ठेवा. हिब्रूत त्याला यिपुई कोआख मितमाशेख म्हणतात, २०१७ पासून त्याची सोय आहे. आपल्याला समजेनासे झाले तर पैशांचे आणि तब्येतीचे निर्णय कोणी घ्यायचे, हे त्यात आपणच लिहून ठेवतो. हे घरी राहणाऱ्यांनाही लागू आहे.

आणि एक कागद तयार करा. एका बाजूला मराठी शब्द, पण हिब्रू अक्षरांत लिहिलेले, म्हणजे मेतापेलेत, नर्स, कोणीही वाचू शकेल. समोर त्यांचा हिब्रू अर्थ. पाणी. तहान लागली. दुखतं. इथे दुखतं. लघवी. शी. थंडी वाजते. उकडतं. भूक नाही. भीती वाटते. घरी जायचं. मुलाला बोलवा. नातवंडांना बसवून त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांची हिब्रू अक्षरे आपल्यापेक्षा सुबक असतात आणि त्या निमित्ताने ते शब्दही शिकतात. एक प्रत फ्रिजवर, एक कुपात खोलीमच्या फाइलमध्ये, एक मुलीच्या पर्समध्ये.

पुढच्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिणार आहे. प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत, अक्षर मोठे काढावे, माझाही चष्मा बदलला आहे.